खूण

तीन आठवडे गवत कापून पडलं होतं आणि तीन आठवडे पाऊस पडत होता. फिन्टन डेलाहंटीनं ते चार वेळा उलटवलं. उलटवायचं, वरची बाजू जरा वाळायची, की टेकडीपलीकडून ढग यायचाच. खालचं गवत काळं पडून त्याला आंबूस वास यायला लागला होता. हिवाळाभर गुरं हेच खाणार होती.

"गुरांना विचारून बघ, आवडतो का वास," कुंपणावर बसून कॉन हर्नी म्हणाला. कॉन शेजारचा, किलतारा गावाच्या संघाचा गोलरक्षक. दोन वर्षांमागे काठी लागून त्याचे पुढचे दोन दात गेले होते, त्यामुळे तो हसला की लहान पोरासारखा दिसायचा.

"तू खाली उतर आणि हात लाव. मग विचारू."

"रविवारी फायनल आहे फिन्टन. हात जपायला सांगितलेत मला."

"कुणी?"

"माझ्या आईनं."

फिन्टन हसला. हसताना बरगडी दुखली, कारण उपांत्य सामन्यात तिथं एक काठी बसली होती. छत्तीस वर्षांच्या त्या अंगावर हर्लिंगनं, काठी-चेंडूच्या त्या खेळानं, कुठं कुठं सही केली होती ते डिलियाला, त्याच्या बायकोला, तोंडपाठ होतं. कपाळावर अकरा टाके, डाव्या गुडघ्यात पाणी, उजवा अंगठा न वाकणारा. अठरा वर्षं तो किलताऱ्याकडून मधल्या बचावाच्या जागी उभा राहिला. तीन वर्षं जिल्ह्याच्या संघातही होता; त्यात दोनदा मैदानात उतरला आणि बाकी वेळ बाकावर बसून थंडीनं काकडला. गावासाठी चार फायनल खेळला आणि चारही हरला. या खेळात कुणाला छदाम मिळत नाही. मिळतं ते एक पदक, तेही जिंकलात तर. फिन्टनकडे ते नव्हतं. किलताऱ्यात कुणाकडेच नव्हतं.

अठराव्या वर्षी त्याच्या बापानं, थेडीनं, बांधावरचं ॲशचं झाड तोडून त्याला पहिली काठी करून दिली होती. मुळाजवळ लाकूड जिथं वळतं तिथलीच फळी घ्यायची, म्हणजे काठीच्या टोकाला वळणाबरोबर रेषा वळतात आणि फटक्यानं काठी फाटत नाही. थेडी स्वतः कधी धड खेळला नाही. तो संघाचा सेक्रेटरी होता, सलग एकतीस वर्षं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. संघाची यादी आयरिशमध्ये, आयर्लंडमध्येच बनलेल्या कागदावर लिहायची असा नियम होता. कागद उजेडाला धरला की आत फिकट खूण दिसली पाहिजे. खूण नसली आणि समोरच्यानं हरकत घेतली, तर जिंकलेला सामनाही हातचा जायचा. थेडीच्या एकतीस वर्षांत एकाही यादीवर हरकत आली नव्हती, आणि हे तो महिन्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

शुक्रवारी सकाळी आभाळ उघडलं. वारा सुटला, कोरडा वारा. डेअरीवर दूध घालायला आलेल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कॅन रिकामे करून गाढवं हाकत घरी पळाले.

दुपारपर्यंत डेलाहंटींच्या शेतात अकरा माणसं होती. आज याचं, उद्या त्याचं, अशी तिथली रीत. पण या वेळी सगळे आधी फिन्टनकडे आले. फायनलच्या आधी त्याचं गवत गंजीला लागलं पाहिजे, असं कुणी बोललं नाही, तरी प्रत्येकाच्या मनात तेच होतं. कॉनही आला. आईनं हात जपायला सांगितलेत, असं मध्येमध्ये म्हणत तो दोघांचं काम करत होता.

थेडी लाकडी दाताळं घेऊन ओळीच्या मागून गवत ओढत होता. बाहत्तर वर्षांचा म्हातारा, पण पाठ ताठ. तो ओढत जायचा आणि मागं गवताचे झुपकेच्या झुपके राहायचे. हातभर अंतरावरचा झुपका सोडून तो भुई खरवडत पुढं जाई. डिलिया त्याच्या मागून दुसरं दाताळं घेऊन, राहिलेलं ओढत होती.

"थेडीकाका, तुमच्या वयाला असं काम होणार नाही हो आमच्याच्यानं," कॉन म्हणाला.

"तुमच्याच्यानं काय होतंय? दात सांभाळता येत नाहीत," थेडी म्हणाला, आणि सगळे हसले. कॉननं हळूच फिन्टनकडे बघितलं. फिन्टन गंजी दाबत होता, त्यानं मान वर केली नाही.

म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय हे घरात तीन वर्षं सगळ्यांना माहीत होतं आणि तीन वर्षं कुणी त्याचा शब्द काढला नव्हता. कपात चहा ओतताना डिलिया कप त्याच्या बोटांना टेकवून ठेवायची. वर्तमानपत्र तो अजूनही हातात धरायचा, पण पान उलटायला विसरायचा. याद्या मात्र तोच लिहायचा. हाताला अक्षरं माहीत होती, रेघेखाली बोट धरून तो सरळ लिहीत जायचा. माणसाकडून सगळं काढून घ्यावं, पण हे एवढं तरी राहू द्यावं, असं फिन्टनला वाटे.

शनिवारी उन्हं कलेपर्यंत शेवटची गंजी उभी राहिली. डिलियानं कोबी, बेकन आणि बटाटे उकडले होते. सगळे अंगणात उभ्यानंच जेवले, हातांना गवताच्या काड्या चिकटलेल्या.

"आता हरलो तर गवताचं नाव सांगता यायचं नाही," कॉन म्हणाला.

रविवारी सकाळी धुकं होतं. चर्चमधून येऊन फिन्टन चुलीजवळच्या बाकावर बसला आणि बूट घालू लागला. डिलिया त्याच्या जर्सीवर इस्त्री फिरवत होती. थेडी टेबलाशी शाई आणि टाक मांडून बसला होता. याद्या दोन लिहायच्या असत, एक पंचाला आणि एक समोरच्या संघाला.

"डिलिया, कागद."

"डब्यात आहेत बाबा. घड्याळामागं छप्पर गळत होतं, म्हणून मी सगळे कागद पत्र्याच्या डब्यात ठेवलेत."

सगळे, म्हणजे संघाचे कागद आणि मॅलकीचेही. मॅलकी हा फिन्टनचा धाकटा भाऊ, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कारखान्यात. आपल्या पत्राला उत्तर येत नाही म्हणून त्यानं कागदांचा एक गठ्ठाच पाठवला होता, की आता तरी लिहा. त्याच मापाचा, तशाच फिकट निळ्या रेघांचा, पण इंग्लंडचा, आत ती खूण नसलेला. हे डिलियाच्या त्या क्षणी ध्यानात आलं नाही. फिन्टनच्या आलं.

थेडीनं डब्यातून दोन कागद काढले. एकतीस वर्षांच्या सवयीनं उठला, खिडकीशी गेला आणि कागद उजेडाला धरला. उजेडाला म्हणजे त्याच्या मते उजेडाला. खिडकी त्याच्या डाव्या हाताला राहिली होती आणि कागद धरला होता तो भिंतीसमोर. त्यानं बराच वेळ बघितलं. मग दुसरा धरला.

फिन्टनचा हात बुटावरच थांबला. उठून दोन पावलं टाकायची होती. कागद हातातून घ्यायचा होता. पण घ्यायचा म्हणजे काय म्हणायचं होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते या माणसाच्या तोंडावर म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. मैदानात डोक्यावर येणाऱ्या काठ्यांत हात घालणारा माणूस तो, पण इथं तो बाकावरून उठला नाही. डिलियानं इस्त्री उचलून धरली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"आहे," थेडी म्हणाला. "खूण आहे."

थेडी कागद हातात धरून तसाच उभा होता.

फिन्टन खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. बांधलेली नाडी सोडून त्यानं परत बांधली. डब्यात संघाचेच कागद वर असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. थेडी टेबलाशी येऊन बसला आणि टाक शाईत बुडवला.

त्या दिवसाबद्दल किलताऱ्यात पुढं फारसं कुणी बोललं नाही, म्हणून सांगायला हवं. समोर ड्रमकॉला गाव होतं, सहा वेळा जिंकलेलं. साठ मिनिटांचा सामना आणि किलतारा एकदाही तीनपेक्षा जास्त गुणांनी मागं पडला नाही. मधल्या जागेवरून फिन्टनचा आवाज सगळ्या मैदानावर होता. "डावीकडं, डावीकडं! मागं माणूस आहे! सोड, सोड, कॉन घेतोय!" त्याच्या आवाजावर चौदा माणसं वळत होती. तो खेळायचा त्यापेक्षा बोलायचा जास्त, असं लोक चेष्टेनं म्हणत, पण त्याच्या पुढ्यात खेळणाऱ्याला मागं वळून बघावं लागत नसे.

पन्नासाव्या मिनिटाला उंच चेंडू आला आणि तो झेलायला फिन्टननं काठ्यांच्या गर्दीत हात घातला. चेंडू हाती लागला, पण करंगळी मोडली. त्यानं ती शेजारच्या बोटाला रुमालानं बांधली आणि खेळत राहिला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही बाजूंचे गुण सारखे होते. सत्तर यार्डांवर मोकळा फटका मिळाला. फिन्टननं चेंडू ठेवला, दोन पावलं मागं गेला, आणि मारला. चेंडू आडव्या दांडीवरून गेला, म्हणजे एक गुण, आणि गेल्यावरही लोकांना क्षणभर कळलं नाही.

मग कळलं. कॉन अख्खं मैदान धावत आला आणि फिन्टनच्या गळ्यात पडून रडला. थेडी दोरीपलीकडं उभा होता, तोंड गोंगाटाकडं करून. "गेला का? वरून गेला का?" तो शेजारच्याला विचारत होता. गावच्या तिठ्यावर डांबराची पिंपं पेटली. जिंकलेल्या चांदीच्या कपात चहा, दूध, व्हिस्की, जे हाती लागेल ते ओतून तो दारोदार फिरवला. कॉनच्या आईनं तो अंथरुणात मांडीवर घेतला आणि पदक कधी मिळतं ते विचारलं. ती वर्षभर अंथरुणालाच होती.

नवव्या दिवशी पत्र आलं. ड्रमकॉलाचा सेक्रेटरी मॉरिस टूमी यानं हरकत घेतली होती.

जिल्हा मंडळाची बैठक तालुक्याच्या गावी, एका हॉटेलच्या वरच्या खोलीत भरली. ओल्या कोटांचा वास येत होता. अध्यक्षांनी यादी खिडकीला धरली, शेजारच्याला दिली, त्यानंही धरली. अशी ती सात जणांच्या हातून फिरली. मॉरिस टूमी खाली मान घालून बसला होता. त्यालाही हे गोड वाटत नसावं, पण नियम त्याच्या बाजूचा होता.

"थेडी," अध्यक्ष म्हणाले, "अक्षरात नाव ठेवायला जागा नाही. पण कागद इंग्लंडचा आहे. हे कसं झालं?"

थेडी उभा राहिला. त्यानं टोपी हातात फिरवली. तोंड उघडलं, मिटलं. अख्ख्या जिल्ह्यातले सेक्रेटरी त्याच्याकडे बघत होते. एकतीस वर्षं त्यांना तो नियम शिकवत आला होता. फिन्टनला बापाच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"कागद मी काढून दिला," फिन्टन उठून म्हणाला. "बाबांनी विचारलं होतं, खूण बघितलीस का. मी बघितली म्हणून सांगितलं. बघितली नव्हती."

खोलीत कुणीतरी जोरात श्वास सोडला. मागच्या बाकावर कॉन बसला होता. फिन्टननं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

सामना ड्रमकॉलाला गेला. जिना उतरताना, सगळ्यांच्या देखत, थेडी एकच वाक्य बोलला. "तू बघायला हवं होतंस."

लोकांना ते बापाचं बोलणं वाटलं. तेवढंच वाक्य फिन्टन हिवाळाभर चघळत राहिला. म्हातारा आपलं पाप माझ्या माथी मारतोय, असं त्याला कधी वाटे आणि रागानं अंग तापे. कधी वाटे, खरंच तर बोलला.

गावानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डेअरीवर तो गाडी घेऊन आला की बोलणं थांबायचं, आणि तो गेला की परत सुरू व्हायचं. लोहारानं घोड्याला नाल मारताना एवढंच विचारलं, "करंगळी कशी आहे?" करंगळी वाकडी जुळली होती. सेक्रेटरीचं काम शाळेतल्या नव्या मास्तरकडे गेलं. थेडीला कुणी काढलं नाही, फक्त बैठकीचं बोलावणं आलं नाही. वसंतात संघ निवडला तेव्हा फिन्टनच्या जागी एकवीस वर्षांचा पोरगा होता. फिन्टननं काठी गोठ्याच्या आढ्याला खोचली, तिथं तिचा खुंटीसारखा उपयोग झाला.

कॉनची आई नाताळाच्या आधीच गेली. फेब्रुवारीत कॉन निरोप घ्यायला आला. पुठ्ठ्याची पेटी दोरीनं बांधलेली. तो आत आला नाही.

"मॅलकीला सांग, येतोय म्हणावं. कारखान्यात जागा आहे म्हणाला होता."

"सांगतो. चहा तरी घे."

"बस निघेल." तो पेटीची गाठ तपासत राहिला. "एवढंसं काम होतं रे फिन्टन. उजेडाला धरायचं. आईला मी सांगितलंच नाही. पदक येतंय, येतंय, असंच सांगत राहिलो."

फिन्टनच्या ओठावर खरं आलं होतं. म्हातारा आत चुलीशी बसून ऐकत होता. फिन्टननं ते गिळलं. कॉननं हात पुढं केला, पण हातात जोर नव्हता.

त्या वर्षीच्या जुलैसारखा जुलै कुणी बघितला नव्हता. दहा दिवस कडकडीत ऊन. गवत सकाळी कापलं की दुसऱ्या दिवशी खुळखुळ वाजत होतं. आणि शेतात माणसं तीन होती, फिन्टन, डिलिया आणि थेडी. शेजाऱ्यांकडे फिन्टन जाऊन राबून आला होता. येतो येतो म्हणाले सगळे, पण ज्याचं त्याचं काम निघालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फिन्टन गंजीवर गुडघे टेकून गवत दाबत होता आणि थेडी खालून लांब दांड्याच्या लोखंडी काट्यानं वर देत होता. डिलिया पाणी आणायला झऱ्यावर गेली होती. दोनदा गवत नीट आलं. तिसऱ्यांदा काटा गवतातून आरपार वर आला आणि फिन्टनच्या तळहाताला फाडत गेला. वाकड्या करंगळीचाच हात.

तो ओरडला नाही. सवय होती.

"काय झालं?" थेडी म्हणाला.

"काही नाही."

"काट्याला काहीतरी लागलं."

"काही नाही बाबा. द्या पुढचं."

रक्त मनगटावरून ओघळून वाळल्या गवतावर टपटपलं. तो आवाज बारीक होता, पण म्हाताऱ्यानं मान तिरकी करून ऐकला. मग त्यानं काटा जमिनीत रोवला, चाचपडत गंजीला पाठ लावली आणि खाली बसला.

"मला दिसत नाही, फिन्टन."

वर ऊन होतं, आभाळात ढग नव्हता. फिन्टन गंजीवरून घसरत खाली आला आणि हाताला रुमाल गुंडाळत त्याच्या शेजारी बसला.

"मुळीच दिसत नाही," थेडी म्हणाला. "चार वर्षं होतील. त्या दिवशी कागद धरला, तेव्हाही काही दिसलं नाही."

"माहीत आहे."

"बैठकीनंतर कळलं तुला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. याच माणसासाठी तो अख्ख्या जिल्ह्यासमोर खोटं बोलला होता. पण आता त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

"नाही. तेव्हाच. तुम्ही भिंतीला धरला होता कागद."

थेडीनं टोपी काढली. कपाळावर टोपीचा पांढरा पट्टा होता.

"तू नाडी बांधत होतास," तो म्हणाला. "एकदा बांधलीस, सोडलीस, परत बांधलीस. मी ऐकत होतो."

फिन्टननं रुमालाची गाठ दातानं ओढली.

"मी उभा राहिलो होतो रे. म्हटलं, आता उठेल. आता म्हणेल, द्या इकडं, मी बघतो. मला म्हणता येईना. तू म्हणशील म्हणून मी थांबलो. आणि तू नाडीच बांधत बसलास." त्याचा आवाज फाटला. "मला वाटलं, तू बघितलंस वाटतं दुरून. खूण असेल. नसती तर बोलला असता माझा पोर."

मोडलेल्या करंगळीपासून कॉनच्या आईपर्यंत सगळं फिन्टनला आठवलं, आणि त्यातला दोष बापाचा किती, आपला किती, हे त्याला वेगळं करता येईना. तो रडला. अठरा वर्षांत चार फायनल हरून जो माणूस कधी रडला नव्हता, तो उन्हात गंजीला टेकून रडला. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तो आधी गवतावर पडला, मग खांद्यावर.

"कॉनला लिहायला हवं," थोड्या वेळानं थेडी म्हणाला. "मी सांगतो, तू लिही. माझं नाव घालून."

"लिहू."

"कुठल्याही कागदावर लिही."

डिलिया बादली घेऊन आली तेव्हा दोघं उठले होते. तिनं नवऱ्याचा हात बघितला, दोघांचे डोळे बघितले. झऱ्याच्या पाण्यानं हात धुऊन तिनं आपला ॲप्रन फाडला आणि घट्ट बांधला.

"दाताळं कुठं आहे?" थेडी म्हणाला. "लाकडी. काटा नको देऊ मला आता."

फिन्टननं दाताळं त्याच्या हातात दिलं आणि त्याला ओळीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. स्वतः मधोमध, दोन ओळींच्या मध्ये, जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्यानं दाताळं टाकलं, ते उघड्या भुईवर खरखरलं.

"डावीकडं," फिन्टन म्हणाला. मग तो पूर्वीसारखा मोठ्यानं ओरडला. "डावीकडं, बाबा, डावीकडं! पुढं दोन पावलं. आता ओढा."

शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून कुंपणाकडं बघू लागली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. थेडी डावीकडं सरकला, दाताळं टाकलं, आणि गवत हाती आलं.